मागच्या खोलीतला पाठमोरा

जगाकडे पाठ करून बसण्यात आमच्या भाडेकऱ्याचा हात धरील असा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. सापडलाच तर तो माणूस नसेल, बगळा असेल. आणि बगळासुद्धा तास-दोन तासांनी जागा बदलतो. आमचं घर तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या टोकाशी, जरा उंचवट्यावर आहे. मागच्या खोलीच्या खिडकीतून अर्धा तलाव दिसतो, पाळ दिसते, पलीकडचं सागाचं जंगल दिसतं. शहरातले लोक असला देखावा पाहायला गाड्या करून येतात. हा गडी मात्र त्या खिडकीला पाठ लावून, समोरच्या मातीच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. मांडीवर कंप्युटर, बाजूला थंड झालेला चहा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काका, समोर तलाव दिसला की कामात चुका होतात." मी म्हटलं, "आमी जनमभर तलाव पाहूनच काम केलं बा, आमच्या चुका कोनं मोजल्या?" त्यानं मान डोलावली आणि परत भिंतीकडे वळला. त्याचं तोंड कसं होतं असं मला कोणी विचारलं तर आठवावं लागेल. पाठ मात्र डोळ्यांसमोर आहे. डावा खांदा जरा खाली, मानेवर शर्टाची कॉलर नेहमी आत दुमडलेली.

तो करायचा काय, हे मला कळलं तेवढं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. तिसरीत दोनदा बसलो ते धरलं तर पाचवी म्हणा. कंप्युटरला काम सांगायच्या भाषा असतात म्हणे, त्यातली एक पायथन. पायथन म्हणजे अजगर, असं त्यानं पहिल्याच दिवशी हसत सांगितलं आणि आमची बुढी, म्हणजे माझी बायको, दोन दिवस त्या खोलीत झाडू मारायला गेली नाही. आमच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधून ठेवतात. त्यात जे हजार फोटो येतात त्यातला वाघ कोणता आणि गोऱ्हा कोणता हे कंप्युटरनं आपणच निवडावं, असं काहीतरी तो त्या भाषेत लिहीत होता. कोण्या संस्थेनं त्याला सहा महिन्यांसाठी आणलं होतं. सहा महिने संपले, संस्था गेली, हा राहिला. मूळचा वरोऱ्याचा, पण बारा वर्षं पुण्यात राहून जीभ इस्त्री करून आलेला. राहिला कशासाठी, तर त्यानं लिहिलेलं ते सगळं त्यानं जगासाठी उघडं टाकलं होतं. कोणीही घ्या, कोणीही वाचा, चूक दिसली तर कोणीही दुरुस्त करा. कुठल्या देशात त्यावर अस्वलं मोजत होते, कुठं कोल्हे. पोटापुरतं दुसऱ्या कोणाचं काम तो सकाळी दोन-तीन तासांत उरकायचा आणि उरलेला दिवस या फुकटच्या पसाऱ्याची राखण करायचा. आमची बुढी म्हणायची, "सोताचं लगन कराले याले टाइम नाई, अन् लोकायच्या कोल्ह्यायची मोजनी करून राह्यला."

त्याच्याकडे एक मित्र होता. म्हणजे त्याच्याकडे नव्हता, कुठल्याशा बर्फाच्या देशात होता. जेवताना एकसारखं त्या मित्राचं नाव. मी विचारलं, "तू त्याले पाह्यलं काय?" "नाही." "आवाज तरी आयकला?" "नाही." "मंग मित्र कसा?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "सहा वर्षं झाली काका, तो न चुकता माझ्या चुका काढतोय." यावर बुढीनं चुलीपुढून माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या घरात चाळीस वर्षं चुका काढणारी बसली होती आणि मला ती मैत्री आहे हे माहीत नव्हतं.

चुका काढणाऱ्याला धन्यवाद देण्याचं त्याला व्यसन होतं. रोज कुठून कुठून लोक त्याला चुका लिहून पाठवायचे. काही भले, काही सरळ शिव्या घालणारे. एकानं लिहिलं, तुझ्या प्रोग्रामनं माझ्या आजीच्या मांजराला बिबट्या ठरवलं, तुला लाज वाटायला पाहिजे. यानं उत्तर दिलं, धन्यवाद, मांजराचा फोटो पाठवता का? आणि तो फोटो आला तेव्हा आम्हा दोघांना बोलावून दाखवला. बुढी म्हणाली, "बिबट्याच दिसते बा." हीच सवय त्यानं गावात लावली. एकदा त्याचा ओला टॉवेल उडून शेजारच्या बाईच्या वाळत घातलेल्या वड्यांवर पडला. शेजारची बाई म्हणजे आमच्या आळीचा भोंगा. ती दारात येऊन बोलायला लागली तशी आळीतली कुत्री उठून गेली. हा शांतपणे सगळं ऐकून म्हणाला, "धन्यवाद बाई. हे नेमकं केव्हा झालं? आणि परत होतं का?" बाईचा आवाज एकदम बसला. "परत होते का म्हंजे? तुले अजून एक डाव कराचं हाय काय बे?" नंतर त्यानं मला समजावलं की चूक परत परत घडवून पाहिल्याशिवाय दुरुस्त होत नाही. मी म्हटलं, ते खरं असेल, पण वड्यांच्या बाबतीत करून पाहू नकोस.

त्याच्या टेबलावर एक पिवळं प्लॅस्टिकचं बदक असायचं. बुढीला आधी वाटलं कुठं याचं लेकरू-बिकरू आहे. तर म्हणाला, काम अडलं की या बदकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. त्यांच्यातली रीतच आहे म्हणे, जगभर लोक बदकं ठेवतात. बुढी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन, मानसं मेली काय?" आणि मला म्हणाली, "जा, बस त्याच्यापुढं. बदकापरीस जरा बरा दिसतं तू." तेव्हापासून मी बदकाच्या जागी लागलो. मांडीवर जाळं घेऊन शिवत बसायचो, तो सांगायचा. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी फक्त "हं" म्हणायचो आणि सुई चालवायचो. मध्येच तो थांबायचा, आढ्याकडे पाहायचा, "हां!" असं ओरडायचा आणि पाठ फिरवायचा. शिव्या घालणाऱ्याला धन्यवाद, आणि माझ्या वाट्याला पाठ!

एवढ्या सांगण्यातून एकच गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. त्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला जी कोरी जागा सोडतात, तिलाही अर्थ असतो. कोणती ओळ कोणाच्या पोटात हे त्या मोकळ्या जागेवरून कळतं. जागा कमी-जास्त झाली की सगळं काम कोलमडतं. मी त्याला हातातलं जाळं दाखवलं. म्हटलं, आमच्यातही भोकंच मोजतात, सूत कोणी मोजत नाही. चार बोटी जाळं म्हणजे ज्याच्या भोकात चार बोटं जातात ते. तो एवढा खूश झाला की लगेच बर्फाच्या देशात कळवलं. तिकडून तीन दिवसांनी उत्तर आलं की त्या मित्राचा आजाही जाळी विणायचा आणि बोटांनीच मोजायचा. तेव्हापासून तो माझाही मित्र, न पाहिलेला.

बुढी गेली त्याला दोन पावसाळे झाले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ताप आला, तालुक्याला नेली, आणली ती आडवीच. जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. तिरडीला एक खांदा भाडेकऱ्यानं दिला. तो उंच, बाकी आम्ही तिघं बुटके. तिरडी सारखी एका बाजूला कलायची. बुढीला बोलता आलं असतं तर म्हणाली असती, "वाक न बे, मी घसरून राह्यली." मसणवट्यातून परत येताना तो माझ्या शेजारून चालत होता आणि बारा वर्षांची इस्त्री मोडून म्हणाला, "अशी कशी गेली जी काकू?"  तेराव्यापर्यंत घरात नातेवाईक होते, जो तो जागा दिसेल तिथं बसला. चुलीजवळच्या बुढीच्या पाटावर माझी सख्खी बहीण बसली, तिलाही कळलं नाही. एक भाडेकरूच तेवढा पाटाला वळसा घालून जायचा. नंतरही घालायचा, अगदी गाव सोडून जाईपर्यंत. मोकळ्या जागेला अर्थ असतो हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता पाळीवरच्या दगडाचं सांगतो, कारण माझं सगळं तिथंच अडलं होतं. आमच्या तलावावर मच्छीमारांची सोसायटी आहे, बावीस घरांची. जाळं ओढून झालं की मासोळ्या पाळीवर ओततात आणि बावीस वाटे लावतात. वाटे सारखे लावतात, पण सारखे कधी होत नाहीत. एकात मरळ मोठी, एकात नुसते झिंगे. म्हणून एकानं वाट्यांकडे पाठ करून दगडावर बसायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्याला काठी लावून विचारायचं, "हा कोनाचा?" पाठमोऱ्यानं मनाला येईल ते नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग रडायचं नाही. तीस वर्षं त्या दगडावर आमची बुढी बसत होती. बावीस नावं, दर वेळी उलटीसुलटी, पण एक नाव सुटलं नाही की एक दोनदा आलं नाही. भाडेकरू तिला विचारायचा, "काकू, न लिहिता कसं लक्षात राहतं?" ती म्हणायची, "लिवून ठेवलं असतं त इसरली असती." फक्त माझं नाव ती घेत नसे. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, नवराही बायकोचं घेत नाही. माझ्या वाट्याला काठी लागली की ती आवाज जरा खाली घेऊन म्हणायची, "घरचा." साऱ्या गावाला कळायचं. आणि घरी आली की पहिल्यांदा मागच्या खोलीत जाऊन भाडेकऱ्याला दटावायची, "सकायपासून जागचा हालला नाई तू. कंबर धरन न!" तो चकित. "काकूंना तिकडून कसं कळतं?" मी म्हणायचो, बायकांना कळतं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

ती गेल्यावर दगडावर बसणार कोण? एक म्हातारी बसली, तिनं आपल्या जावयाचं नाव दोनदा घेतलं. दुसऱ्या एकाला बसवलं तर लोक म्हणाले हा कानानं मरळ ओळखते, वाट्यात टाकताना तिची धप्प वाजते. दर वेळी भांडण. एकदा काठी वाट्यावरून उठून डोक्यात बसायची वेळ आली. काही जण म्हणायला लागले, एवढ्या कटकटीपेक्षा तलाव ठेकेदाराला देऊन टाका, आपण रोजीनं जाळं ओढू. सोसायटीचा अध्यक्ष, माझ्यासंगं पोहायला शिकलेला माणूस, माझ्या दारात येऊन बसला. "भाऊ, तुमी बसा दगडावर. तुमच्या घरचीच जागा हाय." मी म्हटलं, "घरची हाय म्हनूनच रिकामी राहू दे." तो म्हणाला, "सोसायटी तुटून राह्यली भाऊ." मी म्हटलं, "तुटू दे."

मी तलावावर जाणंच सोडलं होतं. दिवसभर ओट्यावर बसून जाळं शिवायचो. फाटलेली जाळी संपली तेव्हा धड जाळी उसवून परत विणायला घेतली. कोणी आलं तर दोन शब्द बोलायचो, तिसऱ्याला कंटाळायचो. भाडेकरू मागं भिंतीकडे तोंड करून, मी पुढं ओट्यावर. मधलं घर दिवसभर मुकं.

अध्यक्षाचं बोलणं मात्र त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात त्यानं बावीस गोटे मांडले. फोन मध्ये ठेवला, एकेका गोट्याला काठी लावली, आणि फोनमधून स्टेशनवरच्या बाईसारखा आवाज एकेक नाव घ्यायला लागला. अध्यक्षाकडून नावं आणून त्यानं त्याच्या त्या अजगराच्या भाषेत एका दुपारी हे बनवलं होतं. दर वेळी वेगळा क्रम, दोनदा नाव नाही, सुटलेलं नाही. मला म्हणाला, "काका, उद्या पाळीवर चला. तुम्ही काही करू नका. बदकासारखे नुसते बसा." वर्षभरात कोणी मला इतक्या सोप्या कामाला बोलावलं नव्हतं. गेलो.

पाळीवर ही गर्दी. ज्यांना वाटा नाही तेही आलेले. एकानं पहिलाच सवाल टाकला, "याचा भरोसा कसा?"

भाडेकऱ्याचं तोंड उजळलं. असला प्रश्न म्हणजे त्याच्या घरचं जेवण. "यात लपवलेलं काही नाही. सगळं उघडं आहे. ज्याला वाटेल त्यानं आत पाहावं."

"उघडं हाय म्हनूनच त भेव हाय," वड्यांवाली शेजारीण म्हणाली. "बुढीची पाठ राहे आमच्याकडं. तिले दिसत नोहोतं म्हनून आमाले भरोसा होता. ह्याची पाठ कुठी हाय?"

"बाई, याला डोळेच नाहीत. याला काही दिसत नाही."

"कालपावतर त म्हने वाघ वळखते!"

पाळ हसून लोटपोट. भाडेकरू म्हणाला, "धन्यवाद." मग अध्यक्षानंच तोड काढली. फोन दगडावर पालथा ठेवला, वरून आपला गमछा टाकला, म्हणाला, "घ्या, फिरवली पाठ." तेवढ्यावर लोकांचं समाधान झालं. काठी फिरली, आवाज नावं घ्यायला लागला. ज्याला मोठी मरळ आली तो म्हणाला मशीन चांगली आहे, ज्याला झिंगे आले तो म्हणाला मशीन शिकवलेली आहे. म्हणजे बुढीच्या वेळी चालायचं तसंच चाललं होतं. सात-आठ वाटे उरले तेव्हा काठी टेकली, "हा कोनाचा?" गमछ्याखालून आवाज आला, "डोमाजी."

कोणी पुढं येईना. मीही मान वळवून पाहिलं, हा डोमाजी कोण आहे म्हणून. काठीवाला परत म्हणाला, "हा कोनाचा?" परत, "डोमाजी." मागून एक जण ओरडला, "भाऊ, तुमीच न डोमाजी!" आणि सगळी पाळ पुन्हा हसली. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर मीही हसलो असतो. या पाळीवर तीस वर्षं माझं नाव घरचा होतं. मी तेच ऐकायला कान लावून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं. उठलो, वाटा तिथंच सोडला आणि घरी आलो.

दुपार कलल्यावर शेजारीण घमेल्यात माझा वाटा घेऊन आली, न बोलता चुलीजवळ ठेवून गेली. ती बाई न बोलता आली-गेली, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा. मग भाडेकरू आला. कामात काहीही अडलेलं नसताना तो तोंड माझ्याकडे करून उभा राहिला, हे पहिल्यांदाच. हातात बदक. ते माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "काका, चूक माझी झाली, पण कुठे झाली ते कळत नाही. यादीतलं नाव बरोबर होतं. तुम्ही याला पहिल्यापासून सांगा. मी तिकडे तोंड करून बसतो."

"मी काय येडा हावो?"

"मी दहा वर्षं सांगतोय काका."

 तो भिंतीकडे वळून बसला. त्याची ती दुमडलेली कॉलर समोर, बदक समोर, आणि मी. जाळ्यापासून सुरुवात केली, कारण मला तेवढीच सुरुवात येते. मग दगड, मग बावीस नावं, मग घरचा. ती कसा आवाज खाली घ्यायची, मी काठीवाल्याच्या मागं उभा राहून कसा आपल्याला काहीच नाही असं दाखवायचो, सगळं सांगितलं. प्लॅस्टिकच्या बदकाला तेवढं सांगताना घाम फुटला. आणि सांगता सांगता चूक सापडली. ती फोनची नव्हती. दगड रिकामा ठेवला की बुढी तिथंच बसून राहील, असं मी धरून चाललो होतो. रिकाम्या दगडावर बगळे हगतात, दुसरं काही होत नाही.

मी "हां" म्हटलं नाही. पण माझं बोलणं मध्येच थांबलं तसं त्याला कळलं. वळला नाही. पाठमोराच म्हणाला, "आमच्यात एखादा माणूस काम सोडून गेला तर त्याचं काम पडून राहतं. नासत नाही. पण कोणीतरी हातात घेतल्याशिवाय चालतही नाही."

"बुढीले तुह्या कामासंगं नको जोडू."

"नाही जोडत." त्यानं कंप्युटर मांडीवर ओढला. "आजचं हे मी उघड्यावर ठेवतो. दुसऱ्या कोण्या गावाला लागलं तर घेतील. आपल्या पाळीवर नको. इथे माणूस आहे. पण आमच्यात रीत आहे, कामाला ज्याचा हात लागला त्याचं नाव लिहायचं. पद्धत काकूंची, म्हणून पहिलं नाव त्यांचं. काय नाव त्यांचं?"

पाच वर्षं काकू म्हणून जेवला आणि नाव माहीत नाही. मी म्हटलं, "अध्यक्षाले विचार. नवऱ्यानं घ्याचं नसते."

"मी ऐकत नाही. बदकाला सांगा." त्यानं कानावर ते मोठे हेडफोन चढवले.

लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही ढकलून ढकलून घ्यायला लावलेलं. त्यानंतर नाही. बदकाचे डोळे रंगवलेले, मिटतही नाहीत. मी दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. नाव घेतलं. मोठ्यानं नाही, पण घेतलं. लगेच समोर बोटांची टकटक झाली, तीन अक्षरांपुरती, आणि थांबली. हेडफोनात गाणं-बिणं काही नव्हतं तर. मी त्याला तसं बोललो नाही. कुठल्या कुठल्या देशात ते नाव आता कोण वाचत असेल, कोणास ठाऊक. बर्फाच्या देशातल्या मित्रानं वाचलं, आणि त्यात चूक काढली नाही, असं भाडेकऱ्यानं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

पुढच्या जाळ्याच्या दिवशी मी दगडावर जाऊन बसलो.  शेजारीण म्हणाली, "पाठ बराबर दिसून राह्यली, चालू करा." काठी वाजली, आणि मी समोर पाहिलं. तीस वर्षं मला वाटायचं, तिकडं पाहायला काही नाही, म्हणूनच तिकडं तोंड करून बसवतात. तर समोर आमचं घर. मागची खिडकी. खिडकीत त्याची पाठ, डावा खांदा जरा खाली. ती इथून त्याच्यावर नजर ठेवून असायची. दोघं एकमेकांना पाठमोरे नव्हते. एकाचीच पाठ होती, दुसरी पाहत होती.

त्या दिवशी बावीस नावांत मी दोघांना विसरलो आणि अध्यक्षाला तीनदा वाटा दिला. चांगल्या शिव्या खाल्ल्या. मी म्हटलं, "धन्यवाद." लोक आणखीच चिडले. पण तलाव ठेकेदाराला द्यायचं बोलणं त्यानंतर कोणी काढलं नाही, आणि मीही दर खेपेला एकेक चूक कमी करत आणली. घरी आलो की पहिल्यांदा मागच्या खोलीत जायचो. "सकायपासून हालला नाई तू." तो चमकून वळायचा. मला कसं कळतं ते मी त्याला सांगितलं नाही.

या होळीच्या आधी तो गेला. वरोऱ्याला त्याचा बाप पडला, मांडीचं हाड मोडलं, पाहायला दुसरं कोणी नाही. कंप्युटर, हेडफोन, चार कपडे, एवढंच सामान. कपडे घड्या घालून, दोन घड्यांमध्ये सारखी जागा सोडून. बदक खिडकीत ठेवलं, तोंड पाळीकडे करून. म्हणाला, "याला सांगत जा काका." मी म्हटलं, "हं." एसटी सुटली तेव्हा तो खिडकीतून माझ्याकडे पाहत होता. मला ते तोंड अनोळखीच वाटलं. अधूनमधून फोन येतो, बापाचं सांगतो, मध्येच "हां!" म्हणतो आणि फोन ठेवतो.

खोली मी कोणाला दिली नाही. विचारायला दोघं-तिघं येऊन गेले. जाळ्याच्या दिवशी दगडावर बसलो की समोर खिडकी दिसते, तिच्यात कोणाची पाठ नसते. बदक एवढ्या लांबून दिसत नाही. पण ते आहे हे मला माहीत आहे. मागं काठी वाजते, मी नावं घेत जातो. आता चुकत नाही. मग एका वाट्याला काठी टेकते आणि मी जरा थांबतो. "भाऊ, झोपले काय जी? हा कोनाचा?"

"घरचा," मी म्हणतो. आवाज आपोआप खाली येतो. घरात कोण आहे, असं पाळीवर कोणी विचारत नाही.